पुण्याला एक फोन

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री आमच्या ऑफिसातला एक सर्व्हर झोपला. तसे सर्व्हर झोपतच असतात, आम्हाला पगार त्यांना उठवण्याचाच मिळतो. पण सोमवारी 'हे झालं कसं' अशी मीटिंग बसली तेव्हा कळलं की डिस्क भरत आल्याची मेल आठ दिवस आधीपासून येत होती. एकूण चाळीस जणांना. आणि त्या चाळीसही जणांना वाटत होतं की उरलेल्या एकोणचाळिसांपैकी कुणीतरी बघत असेल. मीटिंगमध्ये एकाने अगदी निरागसपणे विचारलं, "पण मेल तर वेळेवर पाठवली होती ना?"

आणि मला एकदम न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आठवले.

सर्व्हर आणि न्यायमूर्ती यांचा संबंध काय, ते सांगतो. जरा लांबून यावं लागेल. चहा घेऊन बसा.

१२ नोव्हेंबर १९६४. पुणे, शनिवार पेठ, उद्यान कार्यालय. सत्यविनायकाची पूजा आहे. निमित्त काय, तर गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे आणि विष्णू करकरे नुकतेच सुटून आलेत. (आमच्या पुण्यात या घटनेला नक्की कुठला शब्द वापरायचा इथपासूनच भांडण सुरू होतं. मी हत्या म्हणणार. ज्यांना दुसरा शब्द हवा त्यांनी मनात वाचावा.) समारंभाच्या अध्यक्षस्थानी ग. वि. केतकर. टिळकांचे नातू, म्हणजे मुलीचे चिरंजीव, आणि 'केसरी'चे माजी संपादक. बोलण्याच्या ओघात ते सांगून गेले की नथुरामच्या मनात काय आहे ते आपल्याला आधीपासून ठाऊक होतं आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत आपण सरकारला कळवलंही होतं.

बातमी छापून आली आणि दिल्लीपर्यंत गदारोळ झाला. साहजिकच होतं. सोळा वर्षांनी कुणी म्हणतो की कळवलं होतं, तर मग ते कळवलेलं गेलं कुठे? १९६५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला, तो आधी गोपाल स्वरूप पाठक यांच्याकडे होता. ते मंत्री झाल्यावर १९६६ मध्ये काम सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कपूर यांच्याकडे आलं. त्यांनी १०१ साक्षीदार तपासले, ४०७ कागदपत्रं पाहिली आणि १९६९ मध्ये अहवाल दिला. खून कुणी केला हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता, तो खटल्यात निकालात निघाला होता. प्रश्न होता: आधी कुणाकुणाला माहीत होतं, त्यांनी ते कुणाला सांगितलं, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी काय केलं?

हा अहवाल लोक बहुतेक एकाच कामासाठी उघडतात. आपल्या आवडीचा (किंवा नावडीचा) परिच्छेद शोधायचा आणि समोरच्याच्या तोंडावर मारायचा. मीही पहिल्यांदा तसाच उघडला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर दोन शनिवार-रविवार घालवून बाकीचा वाचला आणि थक्क झालो. राजकारणाचा भाग सोडला तर तो अहवाल म्हणजे आमच्या त्या सोमवारच्या मीटिंगचाच प्रचंड मोठा अवतार आहे. कुठली माहिती किती वाजता कुणाकडे होती, ती पुढे कशी गेली, कुठे अडकली. गुप्त माहितीची देवाणघेवाण कशी बिघडते, याचा यापेक्षा तपशीलवार पंचनामा आपल्याकडे दुसरा कुठला असेल असं मला वाटत नाही. आणि त्या पंचनाम्याच्या मध्यभागी आहे आपलं पुणं.

आता घटनाक्रम. तारखांकडे लक्ष ठेवा, सगळी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण असो) तारखांमध्ये आहे.

२० जानेवारी १९४८, संध्याकाळ. दिल्लीत बिर्ला हाउसला प्रार्थनासभा चालू असताना भिंतीशी गनकॉटनचा स्फोट होतो. जीवितहानी नाही. मदनलाल पाहवा नावाचा पंजाबी निर्वासित तरुण जागेवर पकडला जातो. बाकीचे, म्हणजे नथुराम आणि गोपाळ गोडसे, नारायण आपटे, करकरे, दिगंबर बडगे आणि त्याचा नोकर शंकर किस्तय्या, निसटतात. आजच्या कुठल्याही व्याख्येने हा दहशतवादी हल्ला होता: गट, शस्त्रं, राजकीय हेतू, गर्दीची जागा. फसलेला हल्ला. आणि फसलेला हल्ला म्हणजे तपास करणाऱ्याला मिळालेलं मोठं घबाड. एक माणूस जिवंत हातात आहे आणि तो बोलतोय.

मदनलाल बोलला. साथीदारांपैकी एकाचं नाव त्याने सांगितलं: करकरे. दिल्लीच्या पोलिसाने कागदावर लिहिलं: 'किर्करी'. पंजाबी कानाला मराठी आडनाव कसं ऐकू येतं याचा हा नमुना. (त्या काळी आपली खडकी इंग्रजीत 'किर्की' अशी लिहीत. गोपाळ गोडसे तिथल्याच लष्करी डेपोत नोकरीला होता. निव्वळ योगायोग, पण वाचताना अंगावर काटा येतो.)

दुसरा धागा त्याहून मोलाचा होता. पुण्यातून निघणाऱ्या 'हिंदू राष्ट्रीय' की अशाच काहीशा नावाच्या वर्तमानपत्राचा माणूस कटात आहे, असंही मदनलालने सांगितलं. ते पहिल्याच दिवशी सांगितलं की नंतरच्या चौकशीत, यावर आयोगापुढे बराच वाद झाला. पण उशिरात उशिरा २४ तारखेच्या त्याच्या सविस्तर जबानीत हा उल्लेख कागदावर आलेला होता.

तिसरा धागा मरीना हॉटेलात. कॅनॉट सर्कसच्या या हॉटेलात आपटे आणि नथुराम 'देशपांडे' या खोट्या नावांनी उतरले होते. धोब्याकडे टाकलेले कपडे मागेच राहिले आणि त्यांच्यावर खूण होती: एन. व्ही. जी. म्हणजे नथुराम विनायक गोडसे.

आता जरा थांबा. तुम्ही १९४८ सालच्या पुण्यातले एक साधे हवालदार आहात असं समजा. तुम्हाला कुणी विचारलं, "ते हिंदू राष्ट्र नावाचं वर्तमानपत्र आहे ना, त्याचा संपादक कोण? आद्याक्षरं एन. व्ही. जी. आहेत." तुम्हाला उत्तर द्यायला किती वेळ लागेल?

तंबाखूची गोळी दुसऱ्या गालात सरकवण्याइतका.

कारण हे वर्तमानपत्र गुप्त नव्हतं. आधी त्याचं नाव 'अग्रणी' होतं. जहाल लिखाणाबद्दल सरकारने जामीन मागितला म्हणून १९४७ मध्ये ते 'हिंदू राष्ट्र' या नावाने निघू लागलं. संपादक नथुराम गोडसे, चालक नारायण आपटे. पुण्याच्या पोलिसांना दोघेही माहीत होते. बडगेचं तर शहरात 'शस्त्रभांडार' नावाचं उघड दुकान होतं. मुंबई इलाख्याच्या सरकारकडे वृत्तपत्रांची छापील यादी असे, तीत संपादकाचं नाव होतं. आणि यादी नको असेल तर आणखी सोपा मार्ग होता. तेव्हाच्या १८६७ च्या कायद्याप्रमाणे वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापावी लागत. शनिवारवाड्याजवळच्या कुठल्याही पेपरवाल्याकडून एक अंक विकत घेतला असता, तरी मुख्य आरोपीचं नाव सुबक टायपात वाचायला मिळालं असतं.

आम्ही डेटाबेसवाले याला 'जॉइन' म्हणतो. एका तक्त्यात 'पुण्याचं वर्तमानपत्र, एन. व्ही. जी.' अशी ओळ आहे, दुसऱ्या तक्त्यात 'हिंदू राष्ट्र, नथुराम विनायक गोडसे'. दोन्ही तक्ते एका ठिकाणी आणा, एक ओळीची क्वेरी चालवा, काम फत्ते. दहा दिवसांत ही क्वेरी कुणी चालवली नाही.

का नाही चालवली? इथे 'पोलीस नालायक होते' असं म्हणून मोकळं होता येतं. पण अहवाल वाचल्यावर तसं म्हणवत नाही. यात प्रत्येकाने काहीतरी केलं. प्रत्येकाने आपल्या परीने मेल पाठवली. अडलं ते तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणं वेगवेगळी आहेत.

पहिली जागा मुंबईत. रुईया कॉलेजात जगदीशचंद्र जैन नावाचे प्राध्यापक होते. मदनलाल त्यांच्याकडे यायचा, त्यांची पुस्तकं विकून चार पैसे मिळवायचा. जानेवारीच्या सुरुवातीला त्याने फुशारकीने जैनांना सांगितलं होतं की गांधींना मारायचा बेत चाललाय. जैनांना ती पोराची बडबड वाटली. (तुमच्याकडे पुस्तकं विकणारा पोरगा असं बोलला तर तुम्हालाही वाटेल.) २१ तारखेला पेपरात स्फोटाची बातमी आणि मदनलालचं नाव वाचलं आणि ते हादरले. त्याच दिवशी त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना गाठून सगळं सांगितलं. करकऱ्याचं नावही सांगितलं.

मोरारजींनी वेळ घालवला नाही. त्या रात्री ते अहमदाबादला निघाले होते. बॉम्बे सेंट्रल स्टेशनवर त्यांनी मुंबई पोलिसांच्या स्पेशल ब्रँचचे डेप्युटी कमिशनर जमशेद नगरवाला यांना बोलावून घेतलं आणि करकऱ्याला पकडा, कटाचा छडा लावा असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत सरदार पटेलांच्या कानावरही घातलं. चोख काम. फक्त एक गोष्ट त्यांनी नगरवालांना सांगितली नाही: ही माहिती दिली कुणी. जैनांना जिवाची भीती होती, त्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं.

आता यात चूक कुणाची? खबऱ्याचं नाव झाकायचं, हा या धंद्यातला पहिला नियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण परिणाम असा झाला की तपास करणारा अधिकारी आणि मदनलालला जवळून ओळखणारा माणूस दोघेही मुंबईत असून एकमेकांना भेटले नाहीत. नगरवाला एक प्रश्नही विचारू शकले नाहीत. जैनांनी पुढे यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ, मी बापूंना वाचवू शकलो नाही. त्या नावातच सगळं आलं.

दुसरी जागा दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये. २१ तारखेला दिल्ली पोलिसांचे दोन अधिकारी विमानाने मुंबईला पाठवले गेले. म्हणजे घाई होती, गांभीर्य होतं. २२ ला ते नगरवालांना भेटले. तिथे नेमकं काय झालं याच्या दोन गोष्टी आहेत. दिल्लीकर म्हणतात, आम्ही सगळं सांगितलं, वर्तमानपत्राचंसुद्धा, पण आम्हाला कुणी विचारलं नाही, उलट परत जा म्हणाले. नगरवाला म्हणतात, त्यांच्याकडे 'किर्करी' या एका शब्दापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. वीस वर्षांनी आयोगापुढेही दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम. दोघेजण २४ ला दिल्लीला परतले. पुण्याला गेलेच नाहीत.

हा सीन मी ऑफिसात अनेकदा पाहिलाय. एका टीमचे लोक दुसऱ्या टीमकडे येतात. यजमानांना वाटतं हे आमच्या घरात नाक खुपसायला आलेत, पाहुण्यांना वाटतं यांना आमची किंमत नाही. चहा होतो, कामाचं बोलणं होत नाही. फरक इतकाच की आमच्याकडे फार तर क्लायंट ओरडतो.

शिवाय नगरवालांच्या डोक्यात तोवर स्वतःचं एक चित्र तयार होत होतं. मुंबईतल्या त्यांच्या खबरींवरून त्यांचा ग्रह झाला की गांधीजींना पळवून नेण्याचा एका मोठ्या टोळीचा बेत आहे. इंटेलिजन्स ब्युरोचे प्रमुख संजीवी यांच्याशी ते फोनवर याबद्दल बोललेही. म्हणजे दिल्ली-मुंबई फोन चालू होता, माणसं बोलत होती. दोघे आपापला अर्धवट नकाशा एकमेकांना वाचून दाखवत होते, इतकंच.

तिसरी जागा सगळ्यात जिव्हारी लागणारी, कारण ती पुण्याची. इलाख्याच्या सी.आय.डी.चे डी.आय.जी. होते यू. एच. राणा. कार्यालय पुण्यात. या पेपरबद्दल आणि त्याच्या चालकांबद्दल सगळी माहिती ज्या खात्याच्या कपाटात होती, त्या खात्याचे प्रमुख. आणि हे राणा नेमके त्या दिवसांत दिल्लीत होते! २५ तारखेला संजीवींनी मदनलालच्या जबानीची प्रत त्यांच्या हातात दिली. अखेर योग्य कागद योग्य माणसाकडे पोहोचला होता. जॉइन होण्याची वेळ आली होती.

राणा त्या कागदासह निघाले. रेल्वेने. अलाहाबादमार्गे.

२७ तारखेला ते मुंबईत पोहोचले, नगरवालांना भेटले, जबानी दाखवली, दोघे पुन्हा संजीवींशी फोनवर बोलले. २८ ला राणा पुण्यात आले. २५ ते २८ या चार दिवसांत दिल्लीहून, वाटेतून किंवा मुंबईहून त्यांनी आपल्याच पुण्याच्या कार्यालयात एक ट्रंक कॉल करून 'त्या पेपरचा संपादक कोण आणि तो आत्ता कुठे आहे ते बघा' असं सांगितलं असतं तर? मुंबईहून पुणं तेव्हाही तीन तासांवर होतं, डेक्कन क्वीन १९३० पासून धावत होती. आपटे आणि नथुराम घरी नाहीत एवढं जरी कळलं असतं, तरी त्यांना चेहऱ्याने ओळखणारे पुण्याचे दोन साधे पोलीस बिर्ला हाउसच्या दारात उभे करता आले असते.

आणि ते दोघे होते कुठे? २३ पासून मुंबईतच, हॉटेलं बदलत. ज्या दिवशी राणा जबानी घेऊन मुंबईत उतरले, त्याच २७ तारखेला हे दोघे खोट्या नावांची तिकिटं काढून मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, तिथे बेरेटा पिस्तूल, २९ ला पुन्हा दिल्ली. ३० जानेवारीला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींपुढे नथुराम उभा राहिला. बिर्ला हाउसवर पोलिसांची संख्या वाढवली होती. साध्या वेशातले पोलीसही होते. पण त्यांतला एकही त्याला ओळखत नव्हता.

एका फोनची किंमत फक्त दिल्लीने मोजली नाही. पुढच्या काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जळाली. ज्यांचा या सगळ्याशी सुतराम संबंध नव्हता, अशा लोकांची.

इथे एक इमानदारीची गोष्ट सांगायला हवी. शेवट माहीत असताना मागे वळून बघणं फार सोपं असतं. १९४८ च्या जानेवारीत दिल्ली निर्वासितांनी भरलेली होती, दंगलींचा धूर विझला नव्हता, काश्मिरात लढाई चालू होती. धमक्या आणि अफवा रोजच्याच. त्या कोलाहलात एक सूर ओळखणं अवघड होतं, हे मान्य. खुद्द कानिटकरांनी १९४७ च्या जुलैत खेरांना लिहिलं होतं ते नेत्यांच्या जिवाला धोका आहे असं मोघम. मोघम इशाऱ्यावर कुणी काय करणार? पण २० तारखेनंतरची माहिती मोघम नव्हती. तिच्यात गाव होतं, धंदा होता, आद्याक्षरं होती. त्या माहितीला फक्त पुण्यात अर्थ होता. दिल्लीत ती नुसती अक्षरं होती. मला वाटतं सगळा मुद्दा इथे आहे. माहिती पाठवली म्हणजे काम झालं असं नाही. तिचा अर्थ ज्याला लागतो त्याच्यापर्यंत ती जायला हवी, आणि तो सहसा तुमच्या बरोबरीचा साहेब नसतो. तो दूरच्या गावातला हवालदार असतो.

तेव्हा इलाख्याचे पोलीसप्रमुख होते एन. एम. कामटे. हत्येनंतर त्यांनी राणांना पत्रं लिहून विचारलं की जबानी हातात असताना पुण्याला लगेच का कळवलं नाही. हे नाव वाचून मी थबकलो. कारण याच कामट्यांचे नातू म्हणजे अशोक कामटे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. नंतर विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या आणि पत्रकार विनीता देशमुख यांच्याबरोबर २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा प्रश्न काय होता? मदत हवी असल्याचं कंट्रोल रूमला कळलं होतं, मग ती वेळेवर का पोहोचली नाही? आजोबांनी १९४८ मध्ये विचारलेला प्रश्न साठ वर्षांनी नातसुनेने विचारला. एकच घर, एकच प्रश्न.

२६/११ च्या आधी इशारे नव्हते असंही नाही. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य असू शकतात, असे इशारे आलेले होते. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने २००९ मध्ये हेच दाखवलं, की आलेल्या इशाऱ्यांची एकत्र छाननी करून त्यावर कुणी काय करायचं याची राज्यात धड व्यवस्थाच नव्हती. आणि हे फक्त आपलं दुखणं नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या विमान अपहरणकर्त्यांपैकी दोघांची माहिती सी.आय.ए.कडे बरीच आधीपासून होती. ते अमेरिकेत आहेत ही गोष्ट एफ.बी.आय.ला कळून शोधाशोध सुरू होईपर्यंत ऑगस्ट संपत आला होता.

मग आपण काय सुधारलं? कारगिलनंतर मंत्रिगटाने गुप्तचर व्यवस्थेची झाडाझडती घेतली आणि २००१ च्या अखेरीस इंटेलिजन्स ब्युरोच्या छत्राखाली 'मल्टी एजन्सी सेंटर', म्हणजे मॅक, सुरू झालं. वेगवेगळ्या यंत्रणांच्या लोकांनी एका टेबलाशी बसून माहिती जुळवायची, ही कल्पना. सात वर्षं ते रडतखडत चाललं. २६/११ नंतर, ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने त्याला दात आले: चोवीस तास काम, माहिती देणं बंधनकारक, राज्यांच्या राजधान्यांत उपकेंद्रं. त्याच दिवशी एन.आय.ए.चा कायदा लागू झाला. मग वेगवेगळे डेटाबेस जोडणाऱ्या नॅटग्रिडची योजना आली. २०१२ मध्ये राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा घाट घातला गेला, पण इंटेलिजन्स ब्युरोच्या हाताखालच्या संस्थेला अटकेचे अधिकार देण्याला अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि ते राहिलं. तो विरोध मला निव्वळ आडमुठेपणा वाटत नाही. सगळी माहिती आणि सगळे अधिकार एकाच खोलीत गोळा झाले, तर त्या खोलीवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न रास्तच आहे.

आणि या नव्या व्यवस्थेची परीक्षा कुठे झाली? पुन्हा पुण्यात.

ऑक्टोबर २००९ मध्ये डेव्हिड हेडलीला शिकागोत अटक झाली. हा माणूस पुण्यात कोरेगाव पार्कात येऊन छबाड हाउस आणि ओशो आश्रमाचा परिसर पाहून गेला होता. या वेळी माहिती अडली नाही. अमेरिकेतून दिल्लीला, तिथून महाराष्ट्राला आणि पुण्याला आली. छबाड हाउसला बंदोबस्त लागला. १९४८ शी तुलना केली तर ही केवढी प्रगती!

१३ फेब्रुवारी २०१०, शनिवारची संध्याकाळ. बॉम्ब छबाड हाउसमध्ये फुटला नाही. जवळच्या जर्मन बेकरीत, टेबलाखाली ठेवलेल्या बेवारस बॅगेत फुटला. १७ माणसं गेली.

याला काय म्हणायचं? मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. इशारा खरा होता, वेळेवर होता, योग्य शहरात पोहोचला होता, अगदी योग्य गल्लीपर्यंत पोहोचला होता. बेकरीच्या काउंटरपर्यंत पोहोचला नाही. पहारा होता तो यादीत नाव असलेल्या इमारतीला. म्हणजे शेवटचे काही मीटर अजून बाकी होते, आणि तिथे मॅक नाही, नॅटग्रिड नाही. तिथे असतो एखादा वेटर, ज्याला कुणीतरी 'अशी बॅग दिसली तर हात लावू नकोस, लोकांना बाहेर काढ' एवढं सांगितलेलं असावं लागतं.

असो. बरंच लांबलं.

त्या सर्व्हरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मीटिंगचा निष्कर्ष म्हणून आमच्या साहेबांनी एक नवी सिस्टिम मागवायचं ठरवलं, जी डिस्क भरली की मेल, मेसेज आणि फोनवर सूचना असं सगळं करणार. मी हळूच विचारलं की त्यापेक्षा चाळिसांच्या जागी एकाचं नाव ठेवू, आणि त्याने 'बघतोय' असं उलट कळवलं नाही तर दुसऱ्याला फोन करू. खर्च शून्य. साहेब म्हणाले, विचार करू. नवी सिस्टिम पुढच्या महिन्यात येतेय.

मी मात्र एक सवय लावून घेतलीय. काही महत्त्वाचं पाठवलं की थोड्या वेळाने फोन करतो. "मेल बघितलीस का?" एवढ्यावर थांबत नाही, "त्यातल्या अमुक नावाचा तुला काही अर्थ लागतो का?" असं विचारतो. लोक वैतागतात. एक जण तर म्हणाला, "अरे, तू माझ्या डोक्यावर बसतोस!"

बसतो खरा. अलाहाबादमार्गे जाण्यापेक्षा ते बरं.